सर्व्हर घेण्याआधी काय मोजायचं? छोट्या उद्योगासाठी फोन गेटवेची तयारी



व्हिडिओमध्ये आपण फोन गेटवे कसा चालतो ते पाहिलं. या पाठात त्याची तयारी कागदावर उतरवू, म्हणजे हा पाठ समोर ठेवून तुम्हाला स्वतःच्या जागेवर काम करता येईल. ज्यांना हेच काम व्यवसाय म्हणून दुसऱ्यांसाठी करायचं आहे, त्यांनीही हाच क्रम धरावा.

आधी एक साधा प्रश्न. तुमच्या धंद्याचा नंबर कोणाच्या खिशात आहे?

आपल्याकडे वाळूज, चिकलठाणा, शेंद्रा या पट्ट्यात शेकडो छोटे व्हेंडर आहेत. मोठ्या कंपनीच्या परचेसवाल्याकडे त्यांचा नंबर म्हणून बहुतेक वेळा एका माणसाचा मोबाइल असतो. तो माणूस सुट्टीवर गेला की चौकशी थांबते. नोकरी सोडून गेला तर ग्राहकही त्याच्यासोबत जातो. तिकडून अर्जंट पार्टसाठी फोन आला आणि कोणी उचलला नाही, तर पुढचा फोन शेजारच्या शेडमध्ये जातो. नंबर धंद्याच्या मालकीचा असावा आणि कॉल कोणीतरी उचलावाच, यासाठी गेटवे लागतो.

गेटवे म्हणजे काय?

एका बाजूला टेलिफोन कंपनीची लाइन, दुसऱ्या बाजूला तुमच्या ऑफिसचे आणि शेडमधले फोन. मध्ये बसून कॉल योग्य माणसाकडे पोहोचवणारा छोटा सर्व्हर म्हणजे गेटवे. पूर्वी हेच काम भिंतीवरचा ईपीएबीएक्स डबा करायचा. आता ते सॉफ्टवेअर करतं. अ‍ॅस्टेरिस्क हे त्यातलं सर्वात प्रसिद्ध नाव. मार्क स्पेन्सर यांनी १९९९ मध्ये ते सुरू केलं आणि ते मोफत मिळतं. फोन आणि सर्व्हर एकमेकांशी ज्या भाषेत बोलतात तिला सिप म्हणतात.

एक गोष्ट स्पष्ट सांगतो. तुमच्याकडे तीन-चारच माणसं असतील आणि सगळे बाहेर फिरणारे असतील, तर स्वतःचा सर्व्हर घेऊ नका. परवानाधारक कंपनीची क्लाउड सेवा महिन्याच्या भाड्याने घ्या. आठ-दहा फोन, शेड आणि ऑफिसमधलं अंतर्गत बोलणं, रेकॉर्डिंग स्वतःकडे ठेवायची गरज, असं असेल तर स्वतःचा डबा परवडतो.

पायरी १ : एकाच वेळी किती कॉल?

बहुतेक जण सुरुवात "कोणता सर्व्हर घेऊ?" इथून करतात. आधी मोजायचे ते कॉल.

समजा वाळूजला तुमचं १४ जणांचं युनिट आहे आणि १२ फोन लागणार आहेत. १२ फोन आहेत म्हणून १२ लाइन घ्यायच्या नसतात. सर्वात गर्दीचा तास शोधा. बहुतेक ठिकाणी तो सकाळी ११ ते १२ असतो. त्या तासात येणारे-जाणारे मिळून ४० कॉल होतात आणि एक कॉल सरासरी ३ मिनिटं चालतो, असं धरू. म्हणजे १२० मिनिटांचं बोलणं ६० मिनिटांत. सरासरीने पाहिलं तर कायम दोन लाइन भरलेल्या.

मग दोन लाइन पुरतील का? नाही. कॉल रांगेत ठरवून येत नाहीत, एकदम चार येतात. याचं गणित डेन्मार्कच्या अ‍ॅग्नर एर्लांग यांनी १९१७ मध्ये मांडलं. ते कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करत होते. त्यांचं सूत्र आजही जगभर वापरतात. आपल्या उदाहरणाला ते लावलं की असं उत्तर येतं:

- २ चॅनेल घेतले तर १० पैकी ४ कॉलना लाइन मिळत नाही.
- ४ चॅनेल घेतले तर साधारण १० पैकी १ कॉल अडतो.
- ५ चॅनेल घेतले तर १०० पैकी जवळपास ४ कॉल अडतात.
- ६ चॅनेल घेतले तर १०० पैकी साधारण १ अडतो.

म्हणजे १२ फोनच्या या युनिटला ६ चॅनेल बास झाले. १२ घेतले तर दर महिन्याला भाडं फुकट जाईल. ४ घेतले तर रोज ग्राहक परत जातील. त्यामुळे आठवडाभर एका वहीत कॉल मोजा. प्रत्येक कॉलची वेळ आणि अंदाजे मिनिटं लिहा. सर्व्हरच्या किमतीपेक्षा ही वही जास्त कामाची आहे.

पायरी २ : लाइन कोणाकडून आणि कशी?

चॅनेल ठरले की टेलिफोन कंपनीकडे सिप ट्रंक मागा. ही एकच जोडणी असते. त्यावर ठरलेले चॅनेल चालतात आणि ०२४० ने सुरू होणारे तुमचे नंबर त्यावर येतात. कंपनीला हे पाच प्रश्न विचारा आणि उत्तर लेखी घ्या:

१. ट्रंक वेगळ्या फायबरवर देणार की साध्या इंटरनेटवर? वेगळी लाइन महाग पडते, पण आवाज स्थिर राहतो.
२. माझा जुना लँडलाइन नंबर याच ट्रंकवर येईल का?
३. ट्रंक बंद पडली तर येणारे कॉल आपोआप एखाद्या मोबाइलवर वळवाल का?
४. नंबर कोणत्या पद्धतीने पाठवायचा? पुढे ० लावून की ९१ लावून?
५. तक्रार केल्यावर दुरुस्तीला किती तास लागतील?

दुसरा प्रश्न हलक्यात घेऊ नका. मोबाइलचा नंबर आपण कंपनी बदलूनही ठेवू शकतो, लँडलाइनला सध्या ती सोय नाही. तुमच्या बिलावर, बोर्डावर, व्हिजिटिंग कार्डावर जो नंबर छापलाय तो त्या कंपनीशी बांधलेला असतो. कंपनी निवडताना पाच वर्षांचा विचार करा.

आता कायद्याचं. काही जण सुचवतात, "कशाला ट्रंक, एका डब्यात आठ-दहा सिमकार्ड टाकू, काम स्वस्तात होईल." सिम बॉक्स लावून इंटरनेटवरचे कॉल मोबाइल नेटवर्कवर उतरवणं हा गुन्हा आहे. असे डबे पकडले की पोलिस केस होते आणि मशीनही जप्त होते. ज्यांना हे इन्स्टॉलेशन व्यवसाय म्हणून करायचंय त्यांनी ग्राहकाने हट्ट केला तरी याला हात लावू नये. ट्रंक परवानाधारक कंपनीचीच, तुमच्या फर्मच्या नावावर आणि खऱ्या पत्त्यावर हवी.

पायरी ३ : मशीन

आता सर्व्हरकडे या. तुम्हाला आश्चर्य वाटेल, पण ६ चॅनेल आणि १२ फोनसाठी मोठी मशीन लागतच नाही. सगळे फोन आणि ट्रंक एकाच प्रकारचा आवाज वापरत असतील तर सर्व्हरवर फार भार पडत नाही. एवढं पुरेसं आहे:

- चार कोरचा साधा प्रोसेसर, ८ जीबी रॅम.
- दोन एसएसडी, मिरर करून. एक बंद पडली तरी दुसरीवर काम चालू राहतं.
- दोन नेटवर्क पोर्ट. एक ट्रंकच्या लाइनला, एक ऑफिसच्या नेटवर्कला.
- जुना गेमिंग पीसी किंवा कोणाचा तरी रोज वापरातला कॉम्प्युटर नको. गेटवेच्या मशीनवर दुसरं काहीही चालवायचं नाही, टॅलीसुद्धा नाही.

डिस्क किती घ्यायची, हेही मोजून ठरवा. साध्या वेव्ह फाइलमध्ये एका तासाच्या रेकॉर्डिंगला साधारण ५८ एमबी लागतात. सगळे मिळून दिवसाला ८ तास बोलत असतील तर दिवसाला ४६० एमबी, २६ दिवसांच्या महिन्याला १२ जीबी, वर्षाला १४४ जीबी. म्हणजे ५०० जीबीच्या डिस्कवर तीन वर्षांच्या आसपासचं रेकॉर्डिंग मावतं. पण सगळं कायमचं साठवू नका. किती महिने ठेवायचं ते ठरवा, आणि कॉल रेकॉर्ड होतोय हे समोरच्याला सुरुवातीच्या संदेशातच सांगा.

मशीन आली की बायोसमध्ये जाऊन एक सेटिंग पहिल्याच दिवशी बदला. वीज परत आल्यावर मशीन आपोआप चालू व्हायला हवी. त्याला बहुतेक मशीनमध्ये 'रिस्टोअर ऑन एसी पॉवर लॉस' असं नाव असतं, तिथे 'पॉवर ऑन' निवडा. नाहीतर रविवारी लाइट जाऊन आली आणि सोमवारी सकाळी कोणी बटण दाबेपर्यंत फोन मुके. स्लीप मोड पूर्ण बंद करा. घड्याळ इंटरनेटवरच्या वेळेशी जुळवून ठेवा आणि टाइम झोन भारताचा निवडा. कॉलच्या नोंदीतली वेळ चुकीची असेल तर भांडणात ती नोंद कामाची राहत नाही.

पायरी ४ : वीज, ऊन आणि धूळ

आपल्या भागात मशीन बंद पडण्याची खरी कारणं इथे असतात. एप्रिल-मेमध्ये पारा चाळिशीपार जातो. पत्र्याच्या शेडखाली त्याहून जास्त तापतं. ग्राइंडिंगची धूळ पंख्यात बसते. पावसाळ्याच्या तोंडावर विजा होतात.

जागा: छोटा भिंतीवरचा रॅक ऑफिसच्या आतल्या, सावलीच्या भिंतीला लावा. पश्चिमेची भिंत नको, मशीन शॉपच्या आत तर नकोच. दर दोन महिन्यांनी फिल्टर आणि पंखा साफ करा.

अर्थिंग: रॅक अर्थ करा. वायरमनला मीटर लावून न्यूट्रल आणि अर्थमधलं व्होल्टेज मोजायला सांगा. ते साधारण दोन-तीन व्होल्टच्या आत असावं. जास्त आलं तर मशीन लावण्याआधी अर्थिंग दुरुस्त करून घ्या.

बॅकअप: लोड मोजा. सर्व्हर ३० वॉट, स्विच आणि त्यावरचे १२ फोन मिळून ७५ वॉट, राउटर आणि फायबरचा डबा २० वॉट. एकूण १२५ वॉट. १२ व्होल्ट, १५० एएचच्या बॅटरीत १८०० वॉट-तास असतात. त्यातले वापरण्याजोगे साधारण १००० धरा. म्हणजे जवळपास ८ तास. एक शिफ्ट निघून जाते. इन्व्हर्टर प्युअर साइन वेव्हचा घ्या आणि त्यावर यूपीएस मोड असेल तर तोच चालू ठेवा, म्हणजे लाइट जाताना सर्व्हर रीस्टार्ट होणार नाही.

इथे बरेच जण एक गोष्ट विसरतात. सर्व्हर बॅकअपवर आणि फायबरचा डबा साध्या प्लगवर! लाइट गेली की सर्व्हर चालू, पण लाइन बंद. कॉलच्या वाटेवरचा प्रत्येक डबा त्याच बॅकअपवर हवा. फोनला वीज स्विचमधूनच द्या. अशा स्विचला पीओई स्विच म्हणतात. मग प्रत्येक टेबलावर वेगळा अ‍ॅडॅप्टर लागत नाही आणि लाइट गेली तरी फोन चालू राहतात.

केबल: कॅट ६ वापरा. एका तुकड्याची लांबी १०० मीटरच्या आत ठेवा. थ्री फेजच्या आणि वेल्डिंगच्या केबलच्या ट्रेमधून ती नेऊ नका. ऑफिस आणि शेड वेगळ्या इमारतीत असतील तर मधला तुकडा फायबरचा टाका. तांब्याच्या तारेतून वीज पडल्याचा झटका एका इमारतीतून दुसरीत जातो, फायबरमधून जात नाही.

पायरी ५ : नेटवर्कची मांडणी

(पाठात आकडे मराठीत आहेत, सेटिंगमध्ये टाकताना इंग्रजी आकडे टाका.)

एक कागद घ्या आणि पत्ते आधीच लिहून टाका. फोनचं नेटवर्क आणि कॉम्प्युटरचं नेटवर्क वेगळं ठेवायचं. व्हीलॅन चालणाऱ्या स्विचवर एकाच तारेत दोन वेगळे रस्ते करता येतात. उदाहरणार्थ:

- कॉम्प्युटर, प्रिंटर: १९२.१६८.२०.० चा गट
- फोन आणि गेटवे: १९२.१६८.४०.० चा गट
- गेटवेचा कायमचा पत्ता: १९२.१६८.४०.१०
- फोनना आपोआप मिळणारे पत्ते: १९२.१६८.४०.१०१ ते १५०

१९२.१६८.१ चा गट मुद्दाम टाळा. अनेक राउटर आणि फायबरचे डबे कंपनीतून तोच घेऊन येतात आणि मग पत्त्यांची टक्कर होते.

स्पीड किती लागेल? नेहमीच्या जी.७११ पद्धतीत एका कॉलला प्रत्येक दिशेने साधारण ८७ केबीपीएस लागतात. ६ कॉलला अर्ध्या एमबीपीएसपेक्षा जरा जास्त. म्हणजे साधी लाइनही भरपूर झाली. अडचण स्पीडची नसते, सातत्याची असते. कोणी मोठी ड्रॉइंग फाइल अपलोड करायला लावली की आवाज तुटतो. म्हणून राउटरमध्ये आवाजाच्या पॅकेटना पहिला नंबर द्या. त्यांची खूण डीएससीपी ४६ अशी असते. अपलोडची मर्यादा प्रत्यक्ष मिळणाऱ्या स्पीडच्या ९० टक्क्यांवर बांधा.

आवाज एकाच बाजूने ऐकू येतो, ही सर्वात जास्त येणारी तक्रार आहे. ट्रंक साध्या इंटरनेटवर असेल तर तीन गोष्टी तपासा. राउटरमधलं सिप एएलजी बंद करा. गेटवेच्या सेटिंगमध्ये बाहेरचा पत्ता आणि आतला गट दोन्ही नीट भरलेत का ते पाहा. आणि राउटरला मिळालेला बाहेरचा पत्ता वाचा. तो १००.६४ ते १००.१२७ यांमध्ये सुरू होत असेल तर तो पत्ता एकट्या तुमचा नाही, कंपनीने अनेक ग्राहकांना मिळून एक पत्ता दिलाय. स्टॅटिक आयपी मागा.

डायल करायचे नियमही याच कागदावर लिहा. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून मोबाइलला फोन लावताना पुढे ० लावावा लागतो. माणसं तो विसरतात, म्हणून दहा आकडी मोबाइल नंबर आला की गेटवेनेच ० लावावा, असा नियम टाका. कंपनीने वेगळी पद्धत सांगितली असेल तर तशी बदला. स्थानिक नंबर सात आकडी आहे. ११२ आणि १०८ प्रत्येक फोनवरून लागलेच पाहिजेत, शेडमधल्या फोनवरूनही. तिथे अपघात झाला तर कोणी कोड आठवत बसणार नाही.

पायरी ६ : कुलूप

हा भाग सर्वात महत्त्वाचा, कारण इथे नुकसान एका रात्रीत होतं. इंटरनेटवर चोवीस तास असे प्रोग्रॅम फिरत असतात जे उघडे गेटवे शोधतात. एखाद्या फोनचा पासवर्ड सापडला की तुमच्या लाइनवरून परदेशातल्या महागड्या नंबरांवर कॉल लावले जातात. हे बहुधा शनिवारी रात्री होतं आणि बिल तुमच्या नावावर येतं.

- आयएसडी कंपनीकडूनच बंद करून घ्या. गेटवेतही ०० ने सुरू होणारे नंबर अडवा. एखाद्याला खरंच गरज असेल तर त्याच एका फोनवर, पिन लावून उघडा.
- ५०६० हा सिपचा पोर्ट सगळ्या जगाला उघडू नका. फक्त ट्रंक देणाऱ्या कंपनीच्या पत्त्याला परवानगी द्या. आवाजाचे १०००० ते २०००० हे पोर्टही तसेच.
- घरून बोलणाऱ्या माणसाला व्हीपीएनमधून आत घ्या.
- १०१ नंबरच्या फोनचा पासवर्ड १०१ ठेवू नका. प्रत्येक फोनला वेगळा, लांब पासवर्ड. फोनच्या स्वतःच्या सेटिंगचा कंपनीचा पासवर्डही बदला.
- चुकीचा पासवर्ड वारंवार टाकणाऱ्याला आपोआप अडवणारं फेलटूबॅन चालू करा.
- बाहेर जाणाऱ्या कॉलची दिवसाची मर्यादा कंपनीकडे बांधून घ्या.
- सेटिंगचा बॅकअप दर आठवड्याला दुसऱ्या जागी घ्या. त्याच मशीनवर ठेवलेला बॅकअप मशीनबरोबरच जातो.

पायरी ७ : सुरू करण्याआधीची परीक्षा

जुनी लाइन लगेच तोडू नका. किमान पंधरा दिवस दोन्ही चालू ठेवा आणि या चाचण्या घ्या:

१. सकाळी ११ ला आणि संध्याकाळी ६ ला तासभर पिंग चालवा. पॅकेट गळती १ टक्क्याच्या आत हवी. आवाज एका बाजूने पोहोचायला १५० मिलिसेकंदांपेक्षा जास्त वेळ लागू नये, ही आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघटनेची शिफारस आहे. पिंग जाण्यायेण्याचा मिळून वेळ दाखवतं, हे लक्षात ठेवा.
२. सहा कॉल एकाच वेळी लावा. सातवा लावून पाहा, त्याला काय ऐकू येतं?
३. मेन स्विच बंद करा. चालू कॉल तुटला का? किती तास टिकलं?
४. बॅकअपही बंद करा आणि परत चालू करा. कोणी हात न लावता किती मिनिटांत पहिला फोन वाजला?
५. ट्रंकची तार काढा. बाहेरून फोन केला तर तो ठरलेल्या मोबाइलवर जातो का?
६. शेडमधून, मशीन चालू असताना बोला. घंटी ऐकू येते का?

सहाही चाचण्यांचे निकाल तारखेसह लिहा आणि तो कागद रॅकच्या दाराला आतून चिकटवा. पत्ते, कंपनीचा तक्रार नंबर आणि वायरमनचा नंबरही तिथेच. पासवर्ड मात्र तिथे नको, ते मालकाच्या कुलपात. इन्स्टॉलेशन करणाऱ्यांनी हा कागद बिलाबरोबर द्यावा. पुढच्या वर्षीचं मेंटेनन्सचं काम तुम्हाला त्यानेच मिळेल, कारण ग्राहकाला नेमकं काय घेतलं ते दिसतं.

या आठवड्याचा गृहपाठ

खरेदी अजून काहीच करायची नाही. सात दिवस वहीत कॉल मोजा आणि गर्दीचा तास काढा. किती कॉल चुकले तेही लिहा. कॉलच्या वाटेवर किती डबे आहेत आणि त्यातले किती बॅकअपवर आहेत ते मोजा. अर्थिंग तपासून घ्या. दोन टेलिफोन कंपन्यांना वरचे पाच प्रश्न पाठवा.

एवढं हातात आलं की सर्व्हर निवडायला दहा मिनिटं लागतात. पुढच्या पाठात हीच वही घेऊन अ‍ॅस्टेरिस्क बसवू आणि पहिली घंटी वाजवू.